बरा झालेला कुत्रा जातो कुठे?

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

मुंबईत कुत्र्यांवरून एकदा दंगल झाली होती, असे सांगितले तर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. दोन धर्मांत नाही, दोन पक्षांतही नाही. एका बाजूला कंपनी सरकार आणि दुसऱ्या बाजूला पारशी. पुढे त्यांच्या मदतीला हिंदू, जैन आणि इस्माइलीही आले. साल १८३२, महिना जूनचा. पावसाळा तोंडावर आलेला.

झाले ते असे. भटकी कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ पासूनच करून ठेवला होता. उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत कुत्री पिसाळतात अशी त्या वेळची समजूत. म्हणून तेवढ्या दिवसांपुरती ही मोहीम चालायची. १८३२ साली मात्र पोलीस मॅजिस्ट्रेटने तिची मुदत वाढवली. एका मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. त्या काळात आठ आणे ही काही किरकोळ रक्कम नव्हे. बक्षीस लागले की मोहिमेचे जे होते तेच झाले. भटकी कुत्री पकडायला पळावे लागते, पाळलेली ओट्यावर झोपलेली सापडतात. कुत्री मारणारे लोक घरांच्या आवारात शिरू लागले. ६ जूनला, नेमक्या पारशांच्या पवित्र दिवशी, कोटाच्या भागात जमावाने शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा पाव आणि पाणीसुद्धा लोकांनी अडवले. गोऱ्या साहेबांच्या गाड्यांवर कचरा आणि मेलेले उंदीर फेकले गेले. शेवटी लष्कर बाहेर काढावे लागले.

यात कंपनी सरकार अगदीच खलनायक होते असे मी म्हणणार नाही. पिसाळलेला कुत्रा चावून माणूस मरतो तसे भयंकर मरण दुसरे नाही, आणि त्यावर तेव्हा काहीही इलाज नव्हता. पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली ती १८८५ साली, म्हणजे या दंगलीनंतर त्रेपन्न वर्षांनी. तोपर्यंत सरकारच्या हातात फक्त काठी होती. रस्त्यातली दहशत खरी होती आणि काठीचा उपाय क्रूर होता, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. गेली दोनशे वर्षे आपण याच पेचात सापडलो आहोत.

पण पारशीच का उसळले? त्याचे उत्तर त्यांच्या धर्मग्रंथात आहे. वेंदिदाद नावाच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय जवळजवळ पुरा कुत्र्यांवर आहे. राखणीच्या कुत्र्याला मारणाऱ्याला कोणती शिक्षा, मेंढपाळाच्या कुत्र्याला वाईट अन्न देणाऱ्याला कोणती, हे सगळे त्यात तपशीलवार सांगितले आहे. पारशांच्या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्याला सगदीद म्हणतात. पण मला त्या अध्यायातला दुसराच एक भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कुत्रा वेडा झाला, त्याला वास येईनासा झाला, तो न भुंकता चावू लागला, तर काय करायचे? ग्रंथ सांगतो, त्याच्या गळ्यात लाकडी पट्टा घाला, त्याला खांबाला बांधा, आणि एखाद्या धर्मबांधवावर करावेत तसे उपचार त्याच्यावर करा. धोकादायक आहे म्हणून बांधायचे, पण आजारी आहे म्हणून औषधही द्यायचे. पुढच्या एका अध्यायात व्यायलेल्या कुत्रीची जबाबदारी कुणावर याचा निवाडा आहे. जिच्या दाराजवळ ती व्याली त्या घराने पिल्ले पळायला लागेपर्यंत तिला सांभाळायचे. आपल्या गल्लीबोळांत आजही या एका प्रश्नावरून किती भांडणे होतात!

आपल्याकडे कुत्र्याची गंमतच आहे. भाषेत तो शिवी आहे. कुत्र्याचे जिणे, कुत्र्याची मौत, नळीत घातले तरी वाकडे राहणारे शेपूट. आणि देवळात गेलो तर दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली, खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा धावतोय, भैरवाचे तर ते वाहनच. नामदेवांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची दगडी समाधी आहे. वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला असे सांगतात. पराक्रम केला तर समाधी मिळते, देवासोबत असला तर नैवेद्य मिळतो. प्रश्न आहे तो ज्याने काहीच पराक्रम केलेला नाही, नुसता आजारी आहे, अशा कुत्र्याचा.

मुंबईकरांनी या प्रश्नाचे उत्तर दंगलीनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये दिले. सर जमशेटजी जीजीभॉय (तेव्हा ते नुसते जमशेटजी होते) आणि शेठ मोतीशा अमीचंद हे दोन बडे व्यापारी, एक पारशी आणि एक जैन. त्यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरला पांजरपोळ काढली. पांजरपोळ म्हटले की आज आपल्यासमोर गाई उभ्या राहतात, पण मुंबईच्या पांजरपोळीच्या जन्माला कारण झाली ती सरकार मारत असलेली कुत्री आणि डुकरे. पैसा उभा राहिला तो व्यापाऱ्यांच्या जुन्या पद्धतीने, उलाढालीवर थोडा थोडा लाग बसवून. गुजरातेत महाजनांच्या पांजरपोळी शतकानुशतके अशाच चालत आल्या होत्या. चेंबूरला बसने जाणाऱ्यांना पांजरापोळ नावाचा थांबा माहीत असतो. तेही याच संस्थेचे नाव आणि याच इतिहासाचा तुकडा.

पांजरपोळीची कल्पना साधी होती. जीव घ्यायचा नाही. आलेला प्राणी आत घ्यायचा, त्याला चारा-पाणी द्यायचे, आणि त्याचे नैसर्गिक मरण येईपर्यंत ठेवायचे. ही फार मोठी गोष्ट आहे. काठीला पर्याय असू शकतो हे या शहराने इतक्या लवकर दाखवले याचा मला एक मुंबईप्रेमी म्हणून अभिमान वाटतो. पण तिथे जनावर आत येण्याचे दार होते, बाहेर जाण्याचे नव्हते. गाईबैलांचे एक वेळ चालते. त्यांना गोठा, वैरण आणि सोबत मिळाली की पुरे. कुत्र्याचे तसे नाही. हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी स्वतःहून माणसाच्या शेकोटीजवळ आला. त्याला भाकरीइतकेच एक विशिष्ट माणूसही लागते.

ते दुसरे दार उघडले लंडनमध्ये, १८६० साली. मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हॉलोवे भागातल्या एका तबेल्यात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर काढले. निमित्त झाले रस्त्यात सापडलेल्या एका कुत्र्याचे. मैत्रिणीच्या घरी बाईंनी त्याची सेवा केली, पण तो वाचला नाही. त्यांच्या संस्थेच्या नावात 'तात्पुरते' असा शब्द होता. हा शब्द फार विचारपूर्वक घातलेला होता असे माझे मत आहे. हे घर नाही, घर मिळेपर्यंतचा मुक्काम आहे. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. लंडनच्या रस्त्यांवर माणसांची पोरे उपाशी मरत असताना ही बाई कुत्र्यांना घर देतेय, हा आक्षेप तेव्हाही होता. आजही घेतला जातो, अगदी त्याच शब्दांत. पण १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात एक लेख आला आणि वारे फिरले. लेखकाने दोन ठिकाणे शेजारी शेजारी ठेवली होती. एकीकडे उंची जातिवंत कुत्र्यांचे प्रदर्शन आणि दुसरीकडे टील्बीबाईंचे गरीब, खरजुल्या कुत्र्यांचे आश्रयस्थान. टील्बीबाई १८६५ मध्ये वारल्या. त्यांची संस्था १८७१ मध्ये बॅटरसीला गेली आणि त्याच नावाने अजून चालू आहे.

तिथेही सगळे गोड नव्हते. पोलीस रस्त्यावरची कुत्री गोळा करून तिथे आणून टाकू लागले, आणि ज्यांना कुणी न्यायला येत नसे त्यातली पुष्कळशी मारली जात. दुसरे दार होते, पण अरुंद होते.

इकडे मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी मंडळी एकत्र आली. पुढे १८८३ च्या सुमारास सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे नाव आहे. परळचे 'बैलघोड्यांचे हॉस्पिटल' म्हणून जुने मुंबईकर जे सांगतात ते हेच. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. नाव बैलघोड्यांचे, कारण तेव्हाचे शहर बैलघोड्यांवर चालत होते. ट्राम घोड्यांची, माल बैलगाडीचा. कुत्र्याची पाळी तशी उशिराच आली. पण पांजरपोळीत जे नव्हते ते इथे आले, म्हणजे शास्त्रीय उपचार. आजारी जनावर आता नुसते मरेपर्यंत सांभाळायचे नव्हते, ते बरे करायचे होते.

आता थोडे आजाराबद्दल बोलतो. त्यावाचून आश्रयगृहांचा इतिहास कळत नाही.

कुत्र्याचा रोग म्हटला की आपल्याला फक्त रेबीज आठवतो. माणसाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती माझ्या पिढीतला कुणीही विसरलेला नाही. कसौलीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली ती लस, आणि ती जवळजवळ शतकभर आपल्याकडे चालली. पण कुत्र्यांच्या दृष्टीने विचाराल तर आश्रयगृहातला मोठा वैरी वेगळाच आहे. त्याचे नाव डिस्टेंपर. भिंतीच्या रंगाशी याचा काही संबंध नाही. हा विषाणू आपल्या गोवराचा आणि गुराढोरांच्या बुळकांडीचा सख्खा चुलतभाऊ. ताप येतो, डोळ्यांना-नाकाला चिपाडे येतात, खोकला, हगवण, आणि शेवटी तो मेंदूत शिरतो. झटके येतात. काही पिल्ले वाचतात, पण पायाचा किंवा जबड्याचा एखादा स्नायू कायमचा थडथडत राहतो. श्वासातून पसरतो, त्यामुळे जिथे पिंजऱ्याला पिंजरा लागून असतो तिथे एक आजारी पिल्लू पुरते.

देवीच्या लशीमुळे आपल्याला माहीत असलेले एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्ये या रोगाचे बारकाईने वर्णन केले होते. हा विषाणूचा रोग आहे हे फ्रान्सच्या आंरी कार्रे यांनी १९०५ मध्ये दाखवले, तरी पुढची वीस वर्षे बहुतेकांनी ते मान्य केले नाही. लस कशी आली ती कहाणी मला फार आवडते. इंग्लंडमध्ये तेव्हा 'द फील्ड' नावाचे शिकारी लोकांचे साप्ताहिक होते. कोल्ह्यांच्या शिकारीची महागडी कुत्री डिस्टेंपरने पटापट मरत म्हणून १९२० च्या दशकात या साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी गोळा केली. त्या पैशावर लंडनजवळच्या मिल हिलमध्ये लेडलॉ आणि डंकिन या दोघा शास्त्रज्ञांनी काम सुरू केले. कुत्र्यांच्या आवारात शिरायचे तर अंघोळ करून, कपडे बदलून. इतकी कडक शिस्त. फेरेट नावाचा, आपल्या मुंगसासारखा दिसणारा एक लहान प्राणी असतो. त्यालाही डिस्टेंपर होतो, हे त्यांनी कामाला लावले. दशक संपायच्या आत लस तयार झाली.

पण खरी गंमत पुढेच आहे. फेरेट हाताशी होतेच, म्हणून १९३३ मध्ये त्याच संस्थेत स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्लू झालेल्या माणसांच्या घशातला स्राव फेरेटांच्या नाकात घातला. फेरेट शिंकू लागले. माणसाच्या इन्फ्लूएंझाचा विषाणू अशा रीतीने पहिल्यांदा सापडला. पुढे एक आजारी फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकले आणि त्याला फ्लू झाला, तेव्हा उरलीसुरली शंकाही फिटली. कुत्र्यांवर खर्च करण्यापेक्षा माणसांवर करा, असे म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी ऐकवतो. शिकारी कुत्र्यांसाठी गोळा केलेल्या वर्गणीतून आपल्या फ्लूच्या संशोधनाची वाट निघाली.

डिस्टेंपर कुत्र्यांपुरता राहत नाही हेही ध्यानात ठेवा. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत विसाहून अधिक सिंह मेले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आले आणि काही सिंहांत हाच विषाणू निघाला. १९७८ च्या सुमारास आणखी एक रोग जगभर पसरला, पार्व्हो. आपल्याकडे लोक त्याला 'गॅस्ट्रो' म्हणतात. पिल्लू उलट्या आणि रक्ताची हगवण होऊन दोन-तीन दिवसांत जाते. त्याचे विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतात, फिनेलने धुतले तरी मरत नाहीत. दोन्ही रोगांवर विषाणू मारणारे खात्रीचे औषध आजही नाही. सलाइन, दुसरे जंतू बळावू नयेत म्हणून अँटिबायोटिक, ऊब, आणि दर दोन तासांनी उठून चमच्याने पाणी पाजणारे कुणीतरी. बस. जे वाचते ते शुश्रूषेने वाचते.

अशा शुश्रूषेने वाचलेला एक कुत्रा माझ्या ओळखीचा आहे. गावाबाहेरच्या एका लहानशा आश्रयगृहात मी अधूनमधून जातो. तिथे तो आहे. बदामी रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. आला तेव्हा तीन महिन्यांचा हाडांचा सापळा होता, म्हणून तिथल्या पोरांनी थट्टेने त्याचे नाव ठेवले ढब्बू. डिस्टेंपर होता. महिनाभर तो जाईल की राहील हे कुणी सांगू शकत नव्हते. तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्याच्यासाठी भात आणि कोंबडीचे पाणी वेगळे काढून ठेवत. आता तो दहा महिन्यांचा आहे. दातांवर पिवळे खड्डे राहिलेत, कारण पक्के दात येण्याच्या वयात ताप होता. मागचा डावा पाय झोपेतसुद्धा घड्याळासारखा टकटक हलतो. बाकी धडधाकट. माणूस दिसला की आख्खे अंग हलवतो, आणि शेजारच्या म्हाताऱ्या आंधळ्या कुत्रीला आपल्या ताटातले खाऊ देतो. पिंजऱ्यावर पुठ्ठ्याचे कार्ड आहे. त्यावर 'आजारी, हात लावू नये' असे होते, ते खोडून 'बरा. स्वभाव प्रेमळ. घर हवे' असे लिहिले आहे.

मागे एकदा मी तिथे असताना एक जोडपे आले होते. ढब्बू त्यांना फार आवडला. मग गृहस्थांचे लक्ष पायाकडे गेले.

"याचा पाय असा का हलतो हो?"

"डिस्टेंपर होऊन गेलाय, काका," तिथला मुलगा म्हणाला. "आता काही नाही. पळतो छान."

"मुलांना लागायचं नाही ना?"

"नाही. हा रोग माणसाला होतच नाही."

"बरं. विचार करून सांगतो."

जाताना त्यांनी एक पिल्लू नेले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पिल्लालाही घर हवेच होते. पण आश्रयगृहात अशी विभागणी आपोआप होत जाते. पिल्ले जातात, गोरीगोमटी जातात, टाकून दिलेली जातिवंत तर लगेच जातात. उरतात ते आजारातून उठलेले.

आणि ते उरले की काय होते, याला इतिहासात दाखले आहेत. १९१० मध्ये इस्तंबूलच्या सरकारने शहरातली हजारो कुत्री पकडून मारमारा समुद्रातल्या एका उजाड, पाणी नसलेल्या बेटावर नेऊन सोडली. मारली नाहीत, हलवली. ती तहानेने-भुकेने मेली. त्यांचा आक्रोश रात्री किनाऱ्यावर ऐकू येत असे असे सांगतात. हे टोकाचे उदाहरण झाले. इटलीचे घ्या. तिथे १९९१ मध्ये फार चांगला कायदा झाला. निरोगी भटका कुत्रा मारायचा नाही. आश्रयगृहात ठेवायचा, घर मिळेपर्यंत. म्हणजे आपलीच पांजरपोळ. पण दक्षिण इटलीत कुत्री घरी नेणारे थोडे आणि आत येणारी पुष्कळ. नगरपालिका खासगी ठेकेदारांना कुत्र्यामागे रोजचा दर देऊ लागल्या. मग कुत्रा घरी गेला तर ठेकेदाराचा तोटा! हेतू दयेचा असला तरी हजारो कुत्र्यांचे आयुष्य पिंजऱ्यातच गेले. मुंबईत १८३२ साली मेलेल्या कुत्र्याला आठ आणे होते, इथे कोंडलेल्या कुत्र्याला रोजचा दर.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही काठी गेली नव्हती, तिचे फक्त रूप बदलले. मुंबई महापालिका १९९० च्या दशकापर्यंत कुत्री विजेच्या धक्क्याने मारत होती. दर वर्षी हजारोंनी. कुत्री कमी झाली नाहीत. कारण सोपे आहे. कचरा तेवढाच राहिला, आणि मोकळ्या जागी शेजारची कुत्री येऊन व्यायली. मद्रासच्या ब्ल्यू क्रॉस या संस्थेने १९६४ पासूनच दुसरा मार्ग सुचवला होता. पकडा, नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा. तो मार्ग १९९० च्या दशकात शहरांनी हळूहळू स्वीकारला. २००१ मध्ये त्याचे केंद्रीय नियम झाले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. मुंबईत २०१४ च्या गणनेत ९५ हजार १७२ भटकी कुत्री मोजली गेली. शहराच्या आकाराच्या मानाने ही संख्या भयंकर नाही. पण नियम कागदावर राहिले तिथे कुत्री वाढली, चावेही वाढले. रात्रपाळीहून सायकलने घरी जाणाऱ्या कामगाराला किंवा शाळेत निघालेल्या पोराला झुंडीने घेरले की त्याला नियमावली वाचून दाखवून उपयोग नसतो.

तेव्हा २०२५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पेटले. ११ ऑगस्टला आदेश झाला, दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून आश्रयगृहात ठेवा, पुन्हा सोडू नका. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने त्यात बदल केला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची. पिसाळलेली आणि आक्रमक सोडायची नाहीत. त्याच आदेशात ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांच्यासाठी वाट ठेवली. घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही अट. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून आश्रयगृहात न्यावीत, परत तिथे सोडू नयेत, असेही सांगितले गेले.

दंगल झाली नाही, मोर्चे निघाले. वाद तोच. पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मला कमी ऐकू आली. आश्रयगृह म्हणजे गोदाम नव्हे. एखाद्या जागेत पन्नास कुत्र्यांची सोय असेल आणि तिथे दोनशे भरली, तर त्यात डिस्टेंपर किंवा पार्व्हो शिरायला आठवडासुद्धा लागत नाही. लेडलॉ आणि डंकिन अंघोळ करून आत का जात होते ते आठवा. नवा कुत्रा आला की त्याला निदान दोन आठवडे वेगळे ठेवावे लागते. त्याच दिवशी लस द्यावी लागते. त्यासाठी मोकळे पिंजरे लागतात. आणि पिंजरा मोकळा कधी होतो? बरा झालेला कुत्रा घरी गेला की. ढब्बू ज्या पिंजऱ्यात आज आहे त्या जागी उद्या एक आजारी पिल्लू वेगळे ठेवता येईल. एक कुत्रा घरी नेण्यात दोन जीवांचा हिशेब असतो, तो असा.

अडचणी मला ठाऊक आहेत. फ्लॅट लहान, दोघे नोकरीला, भाड्याच्या घराचा मालक तयार नाही. सोसायटीच्या सभेत कुत्र्याचा विषय निघाला की पार्किंगपेक्षा मोठे भांडण होते. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असे पशू कल्याण मंडळाने स्पष्ट केलेले आहे, पण परिपत्रकाने शेजारी हसरे होत नाहीत. त्यातून 'गावठी' हा शब्द. खरे तर आपल्या हवेत हजारो वर्षे टिकलेला, कमी खाणारा, केस कमी गळणारा हा कुत्रा. थंड प्रदेशातला झिपऱ्या केसांचा हस्की आणून त्याला मे महिन्यात एसीमध्ये बसवण्यापेक्षा तो किती सोयीचा! पण त्याला विकत घ्यावे लागत नाही, त्यामुळे त्याला किंमत नाही.

ढब्बूच्या बाबतीत येणाऱ्यांना तिथला डॉक्टर सगळे स्पष्ट सांगतो. पाय बहुधा जन्मभर असाच हलेल. दात लवकर खराब होतील, हाडे देऊ नका. वर्षाला लशी, बाकी औषध काही नाही. तो आता कुणाला रोग देत नाही, तसे तपासून घेतले आहे. जिने चढतो, एकेक पायरी गाळून. मागच्या महिन्यात वजन चौदा किलो भरले. नाव बदलायला हवे, असे मावशी म्हणत होत्या. मुलाने सांगितले, जो नेईल तो बदलेल.

रविवारी दुपारी चार ते सहा तिथे लोक येतात. साडेतीनपासूनच ढब्बू जाळीपाशी येऊन उभा राहतो.